पटावर नाव आहे, पोरगी मात्र फडावर

पत्र

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली. लग्न मोडल्यापासून आईजवळ राहते, शिवणकाम करते. भाऊ-वहिनी दरवर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात. माझी भाची दहा वर्षांची, चौथीत आहे. वाचनात वर्गात सगळ्यांच्या पुढं. पूर्वी ती माझ्याजवळ राहायची. पण बाळ झालं आणि गेल्या वर्षी तिला सोबत नेलं. आई-बाप पहाटे उसाच्या फडात गेले की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, ही आणि बाळ. तिकडच्या शाळेत भाऊ एकदा जाऊन आला. टी.सी. आणा म्हणाले, आधारवर जन्मतारीख चुकलीय म्हणाले. परत तो गेलाच नाही. आमचे गुरुजी म्हणतात, नाव पटावर आहे, काळजी करू नका. पण पोरगी परत आली तेव्हा भागाकार पार विसरली होती, वर्गात मागं बसायला लागली होती.

यंदाही मजुरीची आगाऊ उचल घेतलीय, पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या तोडीची. मी म्हणाले पोरीला माझ्याजवळ ठेवा. वहिनी म्हणाली, मग बाळाला कोण बघणार? बाळ आता दीड वर्षाचं आहे. शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे असं शाळेच्या भिंतीवर रंगवलंय. मग मी तक्रार कुणाची करू? भावाची? आणि मी त्यांच्या संसारात लुडबूड तर करत नाही ना?

— एक आत्या

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या वहिनीचं आहे. 'बाळाला कोण बघणार?' याचं उत्तर सापडत नाही तोवर कुठलंही कलम तुमच्या भाचीला वर्गात बसवू शकणार नाही. तरी कायदा आधी सांगते, कारण तो पूर्णपणे तुमच्या भाचीच्या बाजूचा आहे आणि गुरुजींसमोर, अधिकाऱ्यांसमोर बोलताना तो तुम्हाला पाठ असलेला बरा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या मागे संविधानाचं कलम २१-क आहे, जे २००२ च्या ८६व्या दुरुस्तीनं आलं. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत. 'मोफत' म्हणजे फक्त फी माफ असं आपण धरून चालतो, पण कायद्याचं कलम ३ त्याहून पुढं जातं: मुलाला शिक्षण घेण्यापासून किंवा पूर्ण करण्यापासून अडवेल असा कोणताही खर्च त्याच्यावर पडता कामा नये. आणि 'सक्तीचं' म्हणजे कुणावर सक्ती? कलम ८ मध्ये त्याचा अर्थ लिहिलेला आहे. मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, हे तिन्ही घडवून आणण्याचं बंधन सरकारवर आहे. नुसत्या प्रवेशाचं नव्हे, हजेरीचंसुद्धा. कलम ९ मध्ये तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी नाव घेऊन स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेवर, टाकलेली आहे.

तुमच्या भावाचं काय? मुलीला शाळेत घालणं हे आई-वडिलांचं कर्तव्य आहे असं कलम १० सांगतं, पण त्यात त्यांच्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. ज्या कोल्हापूरकडं तुमचा भाऊ तोडीला जातो, तिथं राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळात तो धाक गरजेचा असेल. आज दंडाचा बोजा पालकावरून काढून जबाबदारी सरकारवर टाकली, हे मला योग्य वाटतं. तुमचा भाऊ शाळेच्या विरोधात नाही. एकदा तो स्वतः तिकडच्या शाळेची पायरी चढून आला होता. पूर्ण कोयत्याची उचल अंगावर, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा हिशेब, दीड वर्षाचं लेकरू, आणि पहाटे चारला फडात उभं राहायचं. त्याच्याविरुद्ध तक्रार करू नका. तो विचार मनातून काढून टाका.

आता बाळ.

तुमची भाची कोपीवर बसून जे काम करते त्याला मजुरी लावली तर ते एका बाईचं पूर्ण दिवसाचं काम आहे. ती बाळ सांभाळते म्हणून वहिनीचे दोन्ही हात मोकळे राहतात, ऊस तोडता येतो, मोळ्या बांधता येतात, आणि घरचा कोयता पूर्ण धरला जातो. ती गावी राहिली तर कोयता अर्ध्यावर येण्याची भीती, आणि उचल तर पूर्ण कोयत्याची घेतलेली. शाळेची फी शून्य असली तरी शाळेत जाण्याची ही किंमत तुमच्या भावाला मोजावी लागते, आणि ती कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही. म्हणून भावाशी बोलायला बसाल तेव्हा शिक्षणाचं महत्त्व सांगू नका. ते त्याला माहीत आहे. बाळाची सोय घेऊन बसा.

सोय कोणती, हे तुम्ही आणि वहिनीनं मिळून ठरवायचं. मला तीन वाटा दिसतात.

तुमची आई धडधाकट असेल आणि तिची तयारी असेल तर ती टोळीबरोबर जाऊन बाळ सांभाळू शकते, भाची तुमच्याजवळ राहील. अनेक घरांतून आजी अशी जाते. पण कोपीत थंडीचे दिवस काढणं, पाणी लांबून आणणं म्हातारपणी सोपं नसतं. आईला गुडघ्याचा, दम्याचा त्रास असेल तर ही वाट सोडून द्या. एका पोरीचं शिक्षण वाचवताना घरातल्या दुसऱ्या बाईला फडावर पाठवलं, असं होऊ नये.

दुसरी वाट मला जास्त पटते. तुमच्या भावाच्या टोळीत कोयते किती आणि त्यांच्यासोबत लहान लेकरं किती, हे निघण्याआधी मोजा. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत चार-पाच तरी लेकरं निघतात आणि त्यांना सांभाळायला प्रत्येक घरातून एक मोठी पोरगी शाळा सोडून जाते. चार लेकरांसाठी चार पोरी! त्याऐवजी टोळीतली एखादी वयस्क किंवा ऊसतोड न झेपणारी बाई सगळी लेकरं एकत्र सांभाळेल आणि तिची मजुरी सगळे कोयते मिळून देतील, असं ठरवता येतं. हे तोंडी नको. मुकादमासमोर, कोण किती देणार आणि कधी देणार हे त्याच्याच वहीत लिहून घ्या. मुकादमाचंही यात नुकसान नाही, कारण बाईचं लक्ष फडात राहिलं तर त्याची गाडी लवकर भरते. तुम्ही एकट्यानं मुकादमाकडं जाऊ नका. ज्यांच्या पोरी शाळेत आहेत अशा आणखी दोन-तीन घरांतल्या बायांना बरोबर घ्या. वहिनी पुढं असेल तर उत्तम.

तिसरी वाट म्हणजे बाळही तुमच्याजवळ ठेवणं. दीड वर्षाच्या लेकराला आईपासून पाच-सहा महिने तोडायचं की नाही, हे फक्त वहिनीनं ठरवायचं. तुम्ही सुचवूसुद्धा नका. तिनं स्वतःहून म्हटलं तरच गावच्या अंगणवाडीत बाळाचं नाव घाला. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा आहार, वजन, लसीकरण तिथून होतं. तिकडं कारखान्याच्या भागातल्या अंगणवाडीतही बाळाचा हक्क आहेच, तो मागायला हवा. पण अंगणवाडीची वेळ दिवसा मोजक्या तासांची आणि ऊसतोड पहाटेपासून, गाडी कधी रात्रीही भरायला येते. तेवढ्यावर विसंबून भाचीला मोकळं करता येणार नाही.

बाळाची सोय लागली की भाचीचं गावी राहणं हे तुमच्या हातातलं काम आहे. त्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. समग्र शिक्षा अभियानातून ती चालते आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत राबवली जाते. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं झोपायला आजी-आजोबांकडं, नातलगांकडं असतात आणि जेवण शाळेतून मिळतं. तुमच्यासाठी तेच सोयीचं आहे. दुपारचा पोषण आहार शाळेत आहेच, पुस्तकंही मोफत. संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून मिळालं तर शिवणकामाच्या कमाईवर तुम्हाला फार ओढाताण होणार नाही.

पण एक अडचण ठिकठिकाणी ऐकायला मिळते: प्रस्ताव उशिरा जातो, मंजुरी त्याहून उशिरा येते, तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर गेलेली असतात. म्हणून वाट न पाहता आत्ताच हालचाल करा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची नावं, इयत्ता, मागं कोण सांभाळणार आणि पालकांची सही किंवा अंगठा, अशी यादी तुम्हीच करा. ती अर्जाला जोडून मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बाया हव्यात. ऊसतोडीची घरं दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत गावात नसतात, त्यामुळं त्यांच्या मुलांबद्दलचे निर्णय त्यांच्या पाठीमागं होतात. म्हणून बैठक दसऱ्याआधी मागा आणि भाऊ-वहिनीला तिथं न्या. ग्रामसेवकाकडून दोघांची ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्रही याच फेरीत करून घ्या, पुढं वसतिगृहासाठी त्याचा उपयोग होतो. भाची मोठी झाली की संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांचा पर्यायही आहे. ती योजना ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच काढलेली आहे. इयत्तेची अट समाजकल्याण कार्यालयात विचारून ठेवा.

गुरुजींबद्दल. 'नाव पटावर आहे, काळजी करू नका' हे ते तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत असतील, मला त्यात खोट काढायची नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, आणि लहान गावात एक पद गेलं की शाळाच अडचणीत येते, ही त्यांची खरी भीती आहे. पण त्याचा परिणाम भाचीवर काय होतो पाहा. कागदावर ती हजर आहे, म्हणजे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात ती येत नाही. स्थलांतरितांच्या यादीत नसेल तर वसतिगृहाच्या संख्येतही ती धरली जात नाही. तिकडच्या शाळेला वाटतं, चार महिन्यांसाठी येणारं मूल, नाव तर गावाकडं आहेच. असं करत दोन शाळांच्या मध्ये ती कुणाचीच राहत नाही. तिचा हक्क मोडला जातोय याची नोंदसुद्धा कुठं होत नाही, आणि नोंद नाही म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतं ते हे. गुरुजींना शांतपणे सांगा की नाव काढू नका, पण ती गेली तर स्थलांतरित म्हणून खरी नोंद करा आणि तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड द्या. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक कोण आहेत तेही विचारा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना थांबवणं हेही त्यांचं काम, आणि काही जण ते फार तळमळीनं करतात.

इतकं करूनही बाळाची सोय नाही लागली आणि भाचीला जावं लागलं, तर? मग तिकडच्या शाळेत तिला पहिल्याच आठवड्यात बसवायचं. गेल्या वर्षी तुमच्या भावाला जी दोन कारणं देऊन परत पाठवलं, ती दोन्ही कायद्यात बसत नाहीत. कलम ५ सांगतं की टी.सी. मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. वर्ष मध्यावर आलं तरी प्रवेश द्यावा लागतो, हे कलम १५. आणि आधारचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालातच स्पष्ट केलं आहे की शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही.

तुमच्या भावाला शाळेत फार बोलावं लागू नये म्हणून चार ओळी लिहून त्याच्या खिशात द्या: 'माझी मुलगी इयत्ता चौथीत शिकते. आम्ही ऊसतोडीसाठी स्थलांतरित कुटुंब आहोत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५, १४ व १५ प्रमाणे तिला लगेच वर्गात बसवावे ही विनंती. प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याचे कारण या अर्जावर लिहून सही करून द्यावे.' शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी 'नाही' म्हणणं सोपं असतं, पण नकाराचं कारण लिहून त्याखाली सही करायची वेळ आली की बहुतेक वेळा वाट निघते. सोबत शिक्षण हमी कार्ड आणि तिची गेल्या वर्षीची प्रगतिपत्रिका द्या.

तरीही नकार आला तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करा. कायद्याच्या कलम ३२ खाली अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं. पण ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा. तीन महिने म्हणजे निदान अर्धा हंगाम. ज्यांनी ही मुदत लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर एका जागी राहणारं मूल होतं. म्हणून अर्ज टाका, पण त्याच दिवशी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोनही करा आणि आपल्या गावच्या गुरुजींना तिकडच्या मुख्याध्यापकांशी बोलायला लावा. एका मुख्याध्यापकाचा दुसऱ्याला गेलेला फोन अनेकदा अर्जाच्या आधी काम करतो.

या वर्षाबद्दल मी इतकी घाई का करते आहे, तेही सांगते. जूनमध्ये भाची पाचवीत जाईल. चौथीपर्यंत मूल पुढं ढकललं जातं, पण महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. भागाकार विसरलेली, अर्धं वर्ष फडावर काढलेली मुलगी त्या परीक्षेत अडकली की घरचे म्हणणार, हिला काही जमत नाही. आणि तुमच्या भागात शाळा सुटलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं पुढं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, या हिशेबानं लग्नं किती लवकर लागतात हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलं आहे. म्हणून आत्तापासून रोज शिवणकामाला बसण्याआधी तिच्याकडून थोडी गणितं करून घ्या. तुम्हाला स्वतःला भागाकार येतो ना? मग झालं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. लुडबूड म्हणाल तर नाही. ज्या घरात पोरगी पूर्वी राहत होती, तिथंच तिला परत ठेवून घ्यायला तुम्ही तयार आहात, तिच्या जेवणाखाण्याची जबाबदारी घेता आहात. मात्र एका माणसाला अजून कुणीच विचारलेलं दिसत नाही. भाचीला. दहा वर्षांची पोरगी आईपासून पाच महिने लांब राहणार, आणि ज्या बाळाला तिनं वर्षभर कडेवर वागवलं त्याच्यापासूनही. तिला शाळा हवी असेल आणि तरी रडू येईल. दोन्ही खरं असेल. तिला आधी विचारा, आणि ती राहिली तर रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलणं होईल असं भावाकडून ठरवून घ्या. कोपीवर मोबाइल चार्ज करायची सोय असतेच असं नाही, तेही आधी बघा.

पोळा झाला, दसऱ्याला अजून थोडे आठवडे आहेत. यादी या आठवड्यात करा, मुख्याध्यापकांची पोच पुढच्या आठवड्यात घ्या, आणि मुकादमाशी बोलणं टोळी ठरायच्या आत व्हायला हवं.